काजपट्टीची बाजू

मी रागीट आहे हे मला कुणी सांगायला नको. बत्तीस वर्षं शिवण शिकवतोय, आणि माझ्या वर्गात टाचणीसुद्धा विचारून खाली पडते, असं माझेच जुने विद्यार्थी म्हणतात. हे ऐकून मला बरं वाटायचं, तेही सांगून टाकतो.

आमच्या शिवणशाळेने संध्याकाळचा वर्ग ऑनलाइन केला, तेव्हा मुलीने मला फोन स्टँडवर लावून दिला. म्हणाली, तुम्ही स्वतःला आरशातल्यासारखे दिसाल, पण समोरच्यांना सरळच दिसाल. मला नीट कळलं नाही. पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी जरा घाईत, कारण तिला कामावर निघायचं होतं. तरीही डोक्यात काही शिरलं नाही, पण तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. "हो हो, कळलं," म्हणून मी तिला वाटेला लावलं. ज्याने बत्तीस वर्षं फळ्याच्या कोपऱ्यात 'कळलं नाही तर विचारा' असं लिहून ठेवलं होतं, तो माणूस हाच.

पहिले दोन महिने पिशव्या, उशीचे अभ्रे, झबली यांत गेले. तिथे डावं-उजवं फारसं आड येत नाही. मग शर्ट आला. पुरुषांच्या शर्टाला काजपट्टी, म्हणजे काजं असलेली पट्टी, घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असते आणि बटणं उजव्या. बायकांच्या शर्टाला बरोबर याच्या उलट. बाजू चुकली की शर्ट चुकला, मग शिलाई कितीही सुरेख असो. हा नियम मीच पिढ्यान् पिढ्यांच्या डोक्यात ठोकून बसवलाय.

डमीवर शर्ट चढवून फोनसमोर उभा केला, तर स्क्रीनवर काजपट्टी भलत्याच बाजूला. मला वाटलं, शिकणाऱ्यांनाही हे असंच दिसणार. मग मी अक्कल पाजळली. अख्खा शर्ट उलटा बेतला आणि काजपट्टी मुद्दाम दुसऱ्या बाजूला लावली. आता स्क्रीनवर ती जागच्या जागी दिसायला लागली. तोंडाने मी डावं-उजवं कधी म्हणत नाही. 'ही बाजू, ती बाजू' म्हणतो आणि बोट दाखवतो. तीन आठवडे मी हाताचं वळण मोडून, घाम गाळून उलटं शिवत राहिलो, आणि आपण शिकणाऱ्यांसाठी केवढे कष्ट घेतोय म्हणून स्वतःवरच खूश होतो.

वर्गात अडतीस जण होते. त्यातल्या एक बाई रुग्णालयाच्या लाँड्रीत इस्त्री करायच्या. पन्नाशीला आलेल्या. लाँड्रीतूनच वर्गाला बसायच्या, त्यांच्या पाठीमागे चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले दिसायचे. पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्यांनी सांगितलं होतं की वीस वर्षं उभं राहून पायांच्या शिरा फुगल्यात, डॉक्टरांनी बसून काम करा म्हटलंय. रुग्णालयाच्याच शिवणखोलीत एक जागा रिकामी होणार होती. त्यासाठी आमचं प्रमाणपत्र हवं होतं. बाकीचे हौसेने आले होते, या बाई गरजेने.

शर्टाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माइक उघडला. "सर, काजपट्टी उलटीकडे दिसतेय. बाईच्या शर्टासारखी."

मध्येच कुणी बोललेलं मला खपत नाही. त्यात ही चूक टाळण्यासाठी मी एवढा आटापिटा केलेला. मी म्हणालो, "बाई, आधी आपला डावा हात कोणता ते घरी कुणाला तरी विचारून या. मग मला बाजू शिकवा."

सगळे हसले. स्क्रीनवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. बाईंनी "सॉरी सर" म्हणून माइक बंद केला. त्यानंतर वर्गात त्यांचं नाव 'डावी-उजवी' पडलं आणि मीही दोनदा त्याच नावाने हजेरी घेतली. नंतर कुणी काही विचारलं नाही. वर्ग मुठीत आला, असं मला वाटलं.

परीक्षा केंद्रावर झाली. परीक्षक माझाच जुना विद्यार्थी. निकालाच्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. सदतीस पास, एक नापास, तीच लाँड्रीतली बाई. "मास्तर, शिलाई बघाल तर हेवा वाटेल. पण शर्ट पुरुषाचा आणि काजपट्टी उजवीकडे. मी काय करणार? तुमचाच नियम."

माझं डोकंच फिरलं. एवढं दाखवून, एवढं घोकून शेवटी या बाईने माझ्या नावाला बट्टा लावला. म्हटलं, नेमकं कुठे दाखवलं होतं ते रेकॉर्डिंगच हिच्या तोंडावर मारतो. मुलीने सगळे वर्ग कॉम्प्युटरवर साठवून ठेवले होते. शर्टाचा वर्ग उघडला.

रेकॉर्डिंगमध्ये माझ्या गळ्यातल्या टेपवरचे आकडे सरळ दिसत होते. वर्ग घेताना माझ्या स्क्रीनवर ते उलटे दिसायचे, फोनची खोड असेल म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. म्हणजे उलटं फक्त मलाच दिसत होतं. आणि डमीवरच्या शर्टाची काजपट्टी उजवीकडे होती. मी बोट ठेवून सांगत होतो, ही बाजू, नीट बघून ठेवा. पुढचा वर्ग लावला, त्याच्या पुढचा लावला. सगळीकडे तेच.

मग बाकीचे सदतीस पास कसे झाले? त्यातल्या दोघांना फोन केला. दोघांनीही जरा चाचरत तेच सांगितलं. तुमचं दाखवणं काही कळेना, विचारायची भीती वाटली, म्हणून घरातला एक शर्ट समोर ठेवून शिवलं. म्हणजे माझ्याकडून शिकली ती एकटीच, आणि नापासही तीच झाली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी तोंड लपवून बसलो असतो. पण सरावाचे फोटो मी ग्रुपवर मागवायचो, ते आठवलं. एवढे फोटो कोण उघडून बघतो, मी सरसकट अंगठा उठवून मोकळा व्हायचो. बाईंचा फोटो शोधून काढला. शर्ट उलटा, आणि खाली त्यांनी लिहिलं होतं, 'सर, बाजू बरोबर आहे ना? एकदा सांगा.' त्याच्याखाली माझा अंगठा. खोलीत मी एकटाच होतो, तरी कुणीतरी बघतंय असं वाटत होतं.

यानंतर मी काय केलं ते सांगायलाही जीभ अडखळते. मी परीक्षकाला फोन करून म्हणालो, गरजू बाई आहे, काजपट्टीकडे जरा काणाडोळा कर. चूक माझी आहे, हे म्हणालोच नाही. तो पोरगा म्हणाला, "मास्तर, शिकवणाऱ्याने चुकीचं शिकवलं असेल तर तसं लिहून द्या, फेरपरीक्षा घेतो. पण तुम्ही आणि चुकीचं?" आणि हसला. मी म्हटलं, बघतो. तीन दिवस बघत राहिलो. चौथ्या दिवशी लिहून दिलं, आणि ते पत्र खिशात ठेवायची हिंमत होईना म्हणून आधी नेऊन दिलं, मग रुग्णालयात गेलो.

लाँड्री तळघरात होती. वाफेने चष्मा धुरकटला. बाई लांबलचक टेबलाशी उभ्या राहून वॉर्डबॉयच्या शर्टांना इस्त्री करत होत्या. एक शर्ट, काजपट्टी डावीकडे, घडी. दुसरा शर्ट, काजपट्टी डावीकडे, घडी. वीस वर्षं रोज शे-दीडशे शर्ट या हातांखालून जात होते, आणि मी त्यांना बाजू शिकवायला निघालो होतो. पलीकडच्या टेबलावरची पोरगी ओरडली, "डावी-उजवी, तुझ्याकडे कुणी आलंय गं." ते नाव इथवर पोचलं होतं.

मला बघून बाईंनी पदराने स्टूल पुसलं आणि पुढे सरकवलं. मी बसलो नाही. जे झालं होतं ते सगळं सांगितलं, फोनचं, आरशाचं, अंगठ्याचं. त्या इस्त्री उभी करून ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, सर. परीक्षेत हात आपोआप डावीकडे जात होता. मी ओढून उजवीकडे आणला. म्हटलं, सरांनी एवढं रागावून सांगितलंय, म्हणजे आपलंच चुकत असणार."

मी फेरपरीक्षेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, देईन की. पण शिवणखोलीतली जागा परवाच भरली. आता कधी निघेल कोण जाणे. एवढं बोलून त्यांनी एक पाय उचलून दुसऱ्या पायावर टेकवला, बराच वेळ उभं राहणारी माणसं टेकवतात तसा. मी पत्र वेळेवर दिलं असतं तर, हे त्या म्हणाल्या नाहीत. तो हिशेब मीच केला. तीन दिवस आधी दिलं असतं तर.

निघताना त्यांनी हाक मारली. "सर, एक काम होतं. ते रेकॉर्डिंग काढता येईल का? तुम्ही मला बोललात ते. वर्गातल्या कुणीतरी तेवढाच तुकडा फोनवर टिपून पाठवलाय, इथल्या सगळ्यांनी बघितलाय. माझ्या मुलीनेही."

वर्गात रागावलेलं वर्गातच विरून जातं, असा माझा आजवरचा समज होता.

संध्याकाळी मुलीला म्हटलं, एक रेकॉर्डिंग पुसायचंय. कोणतं ते बघायला तिने ते लावलं. माझा आवाज घरात घुमला, मग ते हसणं, मग "सॉरी सर." मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी बरोबरच विचारलं होतं ना, बाबा?"

"हो," मी म्हणालो. "आणि तू सांगितलेलं मला कळलं नव्हतं. कळलं म्हणून खोटं बोललो."

तिने पुसलं. म्हणाली, आपल्याकडचं गेलं, लोकांच्या फोनमधलं काढणं आपल्या हातात नाही.

दुसऱ्या दिवशी मी अडतीस जणांना पुन्हा बोलावलं. बाई इस्त्रीच्या टेबलाजवळच उभ्या होत्या, पाठीमागे चादरी. मी डमीवर शर्ट चढवला, या वेळी सरळ. माझ्या स्क्रीनवर तो उलटा दिसत होता, तसाच दिसू दिला. माझी चूक सांगायला सुरुवात करण्याआधी मुलीला विचारलं, रेकॉर्डिंग चालू आहे ना? ती हो म्हणाली. मी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदाही विचारलं.