साडेपस्तीस

आमच्या दुकानाचा एक नियम आहे. माप मोठ्याने सांगायचं. टेप लावायची, आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मगच वहीत लिहायचा. गिऱ्हाइकाच्याही कानावर पडतं आणि नंतर ‘घट्ट झालं, सैल झालं’ अशी कटकट राहत नाही. लोक पोट आत ओढून उभे राहतात. मी सांगते, "सोडा ते पोट. कपडा पोटाला घालायचाय, अब्रूला नाही." तोंडावर हसतात आणि पाठीमागे मला कात्री म्हणतात. म्हणोत बापडे. जुने कपडे उसवून अंगाबरोबर करून देणं हा माझा धंदा, आणि तीस वर्षांत एकही गिऱ्हाईक खोटं माप ऐकून परत गेलं नाही. एक सोडून. तो माझा धाकटा भाऊ.

घरातही मी अशीच. एक घाव दोन तुकडे. धाकट्याने नोकरी सोडून मित्राबरोबर फर्निचरचं दुकान टाकलं, तेव्हा सगळे तोंड भरून कौतुक करत होते. मी उद्घाटनाच्या दिवशी चार लोकांत म्हटलं, "हा मित्र तुला वर्षभरात बुडवणार." वर्षही लागलं नाही, दहा महिन्यांत दुकान बंद झालं. पण भावाने राग धरला तो माझ्यावर. मित्र राहिला बाजूलाच. दोन वर्षं बोलला नाही. मी समोरून येताना दिसले तर रस्ता ओलांडायचा. माझं बरोबर होतं, पण बरोबर असून रोज एकटीने जेवायचं म्हणजे काय, ते मला विचारा.

शेवटी भावजयीने मध्ये पडून समेट केला. त्याला घेऊन यायच्या आदल्या दिवशी एकटी आली आणि म्हणाली, "ताई, हात जोडते. तोंडाला जरा लगाम घाला. परत तुटलं तर मला सांधता नाही यायचं." मी कानाला खडा लावला.

महिन्याभराने तो पँट घेऊन दुकानात आला. नवी नोकरी लागली होती. "ताई, कमरेत सैल होतेय. थोडी आत घेऊन दे." पट्ट्याला त्याने खिळ्याने नवं भोक पाडलं होतं. मी टेप लावली. वहीत त्याचं जुनं माप होतं छत्तीस. टेपवर तेहेतीस. मी टेप काढून पुन्हा लावली. तेहेतीसच.

आमचे वडील असेच, कपड्यांतल्या कपड्यांत बारीक होत गेले होते. ते आम्ही दोघांनी पाहिलंय. समोरच्या आरशात तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"किती गं?" त्याने विचारलं. "फार उतरलं का?"

जिभेवर आलं होतं, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे चल, नाहीतर कान धरून नेते. पण भावजयीचे जोडलेले हात आठवले. रस्ता ओलांडून जाणारी त्याची पाठ आठवली. आज नको, असं मनाशी म्हटलं.

"साडेपस्तीस," मी मोठ्याने म्हणाले. "कापडच धुऊन धुऊन ताणलंय."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला की टेप माझ्या बोटांतून निसटली. मग स्टुलावर बसून चहा मागितला. "कात्रीची धार गेली वाटतं," म्हणाला. दोन वर्षांनी तो मला चिडवत होता. मी सुखावले. आता कशाला लपवू, फार सुखावले. तो गेल्यावर वहीत तेहेतीस लिहिलं, तारीख घातली आणि पँटही तेहेतीसचीच करून दिली. पुढच्या आठवड्यात सांगू, म्हटलं. पुढच्या आठवड्यात तो मिठाईचा पुडा घेऊन आला, पहिल्या पगाराचा. अशा वेळी कसं सांगायचं? मग मूग गिळून बसायची सवयच लागली.

पाच महिन्यांनी तो कामावर चक्कर येऊन पडला. पोटात गाठ निघाली, सगळीकडे पसरलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चार-पाच महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं."

हॉस्पिटलच्या जिन्यात भावजय माझ्या गळ्यात पडून रडली. "मी मागे लागले होते हो ताई, डॉक्टरला दाखवा म्हणून. ऐकायचेच नाहीत. म्हणायचे, ताईने माप घेतलंय, अर्धाच इंच कमी आहे. जग खोटं बोलेल, ताई बोलणार नाही."

मी तिच्या मिठीत लाकडासारखी उभी राहिले. गोडबोल्या माणसाने हेच सांगितलं असतं तर धाकटा डॉक्टरकडे गेला असता. गोडबोल्यांचं कोण मनावर घेतं! तीस वर्षं खरं बोलून कमावलेली पत मी एका आकड्यावर उधळली, आणि तीही त्याच्याच जिवावर.

रोज ती वही पिशवीत घालून हॉस्पिटलात न्यायची आणि न दाखवता परत आणायची, असं चाललं होतं. एका दुपारी भावजय औषधं आणायला खाली गेली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, टेप आहे ना पिशवीत? माप घे."

"कशाला रे?"

"घे. आणि मोठ्याने सांग."

मी गाऊनवरून टेप लावली. नुसती हाडं लागत होती. "अठ्ठावीस."

"साडेपस्तीसचे अठ्ठावीस," तो म्हणाला. "बघता बघता झाले नाही?"

मला सोसेना. "साडेपस्तीस नव्हते," मी म्हणाले. "तेहेतीस होते." आणि वही काढून त्याच्यापुढे धरली. तारखेवर बोट ठेवून त्याने आकडा वाचला.

"मी घाबरून विचारलं होतं गं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला विचारायचा धीर नव्हता."

"तू परत अबोला धरशील म्हणून भ्याले मी."

"खरं बोललीस तेव्हा दोन वर्षं धरला. आता या खोट्याला किती धरू, तूच सांग."

त्याने वही मिटून माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे कूस बदलली.

त्यानंतर तो एकोणीस दिवस होता. मी रोज गेले आणि रोज त्याच्या पाठीकडे बघत बसले. भावजयीशी बोलायचा, नर्सशी बोलायचा. माझ्याशी बोलला नाही.