मधला थर

ताईने ट्रेमधली माती बोटाने उकरून एक बी वर काढलं. काळं, चिकट, आतून कुजलेलं. दुसरं काढलं, तेही तसलंच.

"तुझं ते धुराचं पाणी!" ती भावावर कडाडली. "अर्धं बी मातीत गेलं!"

भाऊ आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होता. निवृत्त झाल्यावर बहिणीच्या रोपवाटिकेत लुडबुड करणं हाच त्याचा उद्योग. तो खाली मान घालून म्हणाला, "कोळसेकाका तर म्हणत होते, जुनं बीसुद्धा जागं होतं."

बी साधं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी, अण्णांनी, दरवर्षी सगळ्यात गोड खरबूज निवडून त्याचं बी राखलं होतं. त्यांच्यामागे कुणी ते पेरलंच नाही. आता डब्यात मूठभर उरलं होतं, तेही म्हातारं. ते उगवलं नाही तर अण्णांचं खरबूज कायमचं संपलं.

कोळसेकाका लाकूड जाळून कोळसा करत आणि भट्टीच्या धुराड्याला लांब नळी जोडत. धूर नळीत थंड होऊन थेंबथेंब गळे. हेच ते धुराचं पाणी, लाकडाचं व्हिनेगर. बादलीभर पाण्यात ते चमचाभर टाकायचं, त्यात बी भिजवायचं आणि मग पेरायचं. ताईला पटत नव्हतं, पण दुसरा उपायही सुचत नव्हता.

"एकदाच. शेवटचं," ती म्हणाली. तिने उरलेलं बी वाटीत ओतलं.

भावाने फळीवरची काचेची बरणी उचलली आणि सवयीने खळखळ हलवायला सुरुवात केली.

"थांब! हे काय करतोस?"

"हलवतोय. औषध हलवल्याशिवाय देतात का कधी?"

"मागच्या वेळीही हलवलंस?"

"म्हणजे काय! चांगलं फेस येईपर्यंत."

ताईने कपाळावर हात मारला. काकांनी ती बरणी कित्येक महिने मुद्दाम स्थिर ठेवली होती. वर तेलकट साय, तळाशी डांबर, कामाचं ते मधलं. या शहाण्याने डांबर ढवळून थेट बियांना फासलं होतं!

"अगं, बरणीवर तसं लिहायला नको का?"

"तुला बरणी द्यायची म्हणजे जीव टांगणीला!" म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. मग दोघंही पोट धरून हसले.

धावतपळत जाऊन तिने काकांकडून न हललेली बरणी आणली, पोटाशी धरून, तान्हं बाळ आणावं तशी. रबरी नळीने मधला थर तेवढा ओढून घेतला. तांबूस, नितळ, धुरकट वासाचा. त्यातला चमचाभर बादलीत टाकून दोघांनी बी भिजवलं आणि ट्रेमध्ये पेरलं.

मग सुरू झाली ती घालमेल. भाऊ उठल्यासुटल्या ट्रेवर वाकायचा. ताई त्याला हाकलायची आणि तो वळला की स्वतः वाकायची.

एका सकाळी ती किंचाळली. भाऊ दाढीचा साबण तोंडावर घेऊनच धावला.

माती भेगाळली होती. त्यातून एक पांढुरका कोंब कमान करून वर येत होता. शेजारी दुसरा. पलीकडे, अगं बाई, तिसरा! आणि त्या कोपऱ्यात तर माती नुसती उचलली जात होती.

"आलं, आलं, आलं!" ताई लहान मुलीसारखी टाळ्या पिटू लागली.

पहिल्या कोंबाच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलं होतं. भावाने ते काढायला बोट पुढे केलं. ताईने फटकन हातावर चापटी मारली.

"त्याचं त्याला काढू दे."

दोघंही फरशीवर मांडी घालून बसले, ट्रेकडे डोळे लावून. टरफल किंचित तडकलं.