न बसणारं दार

जून लागला की क्योतोतली जुनी घरं कपडे बदलतात. कागदी दारं माळ्यावर जातात आणि बोरूच्या काड्यांची, वारा आत घेणारी दारं खाली येतात. रेशमी दोऱ्यांचे व्यापारी किनुगासा यांचं घर आता तिकीट काढून बघायचं झालं होतं. शेवटचे मालक र्योहेई गेल्या हिवाळ्यात वारले; लग्नच केलं नव्हतं, तर मूलबाळ कुठलं? घर मोहल्ल्याच्या समितीकडे आलं आणि दारं बदलण्याचं काम समितीच्या मिनेकोच्या गळ्यात पडलं.

सगळी दारं निमूट बसली. बागेकडच्या खोलीतलं एक मात्र खाचेत शिरेना. बोटभर उंच.

"रंधा मारतो," सुतार तोकुझो काका म्हणाले. "उद्या तुमची माणसं बघायला येणार. खोलीला दार नको?"

"थांबा हो. जुनं दार बोटभर वाढेल कसं?"

"लाकूड फुगतं."

"मग बाकीची का नाही फुगली?"

"बाई, तुम्हाला ना, जिथे तिथे नाक खुपसायची सवय आहे."

सवय होतीच, आणि मिनेकोला तिची लाजही नव्हती. तिनं दार उजेडाकडे फिरवलं. लाकूड तांबूस, काड्या इतर दारांपेक्षा दाट. म्हणजे हे या घरचं नव्हतंच. मग या घरचं गेलं कुठे?

"अशा दाट काड्या कुणाकडे आहेत?"

काका कुरकुरले. "शेजारी, सुएनो आजींकडे. पण तिकडे जाऊ नका. गटाराच्या भांडणावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे, आजींच्या वडिलांपासून. र्योहेई साहेबांना त्यांच्या दारात मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

"मी येईपर्यंत रंध्याला हात लावाल तर याद राखा," म्हणत मिनेकोनं दार काखोटीला मारलं आणि मागच्या बोळातून निघाली.

आजींचं मागचं दार उघडंच होतं. आत भिंतीला एक फिकट, विरळ काड्यांचं दार टेकवून ठेवलेलं. शेजारी दोन बशा, दोन्हींत मिनाझुकी, जूनमधली लाल दाण्यांची तिकोनी मिठाई.

"ये," आजी म्हणाल्या. "यंदा कुणी येतंय की सरळ रंधा मारताय, याचा घोर लागला होता मला."

मिनेको उभीच राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला? सप्टेंबरात दारं काढली की झटकून या बोळात उन्हाला लावतात, त्यांचीही आणि आमचीही. एका वर्षी उचलताना बदललं गेलं. जूनमध्ये र्योहेई आमचं दार घेऊन आले, मागच्या बाजूनं, चोरासारखे. माझे वडील घरात होते. कुजबुजत बोललो, चहा प्यायले, आपलं दार घेऊन गेले."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीपासून आम्ही चुकायला लागलो."

मिनेकोच्या तोंडून निघून गेलंच, "मग तुम्ही दोघांनी लग्न का नाही केलंत?"

"विचारलंस शेवटी!" आजी हसल्या. "वडिलांनी माझ्यासाठी घरजावई आणला. भला माणूस होता. जूनमध्ये तोच म्हणायचा, दार आलं गं, पाणी ठेव."

"पण वडील गेल्यावर? मग तरी पुढच्या दारानं यायचं की!"

"र्योहेई लाजरा माणूस. कारण असल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. मी तरी कुठे बोलावलं? वर्षातून अर्धा तास. तेवढाच." आजींनी चहा ओतला. "तुमची समिती दारांना नंबर लावणार म्हणे?"

"हो. पितळी पट्ट्या."

"बरं करता. आता चूक व्हायची नाही."

तक्रार नव्हती आवाजात, म्हणूनच मिनेकोला जास्त लागलं. उद्या येणारी माणसं त्या घरातले दोरे बघणार, तिजोरी बघणार, आणि यातलं एक अक्षर कुणाला कळणार नव्हतं.

"पट्ट्या मीच ठोकणार आहे, आजी," ती म्हणाली. "एखादी चुकेलही."

आजींनी दुसरी बशी तिच्यापुढे सरकवली.

"मग बस की. उभ्यानं खातात का कुणी?"