हरिश्चंद्र तांडेलाचा होका

“कोयते लांब ठेवा! कमरेच्या साखळ्यासुद्धा!” पूर्णगडच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, तंबूच्या दारात उभे राहून नानिवडेकर साहेब ओरडत होते. दोन्ही हमालांची झडती झाली, साहेबांनी स्वतःच्या चपलाही खिळे आहेत म्हणून भिरकावल्या, तरी यंत्रातली सुई हट्टाने भलतीकडेच तोंड करून बसली होती.

साहेब मुंबईहून पृथ्वीचे चुंबकत्व मोजायला आले होते. पृथ्वी म्हणजे एक भले मोठे लोहचुंबक. तिच्या ओढीने सुई उत्तरेकडे वळते, पण ती दिशाही वर्षागणिक थोडी सरकते. किती सरकली, हे पाहायला जुन्याच जागी पुन्हा मोजायचे. पण आजचा फरक थोडा नव्हता. “जांभ्यातच लोखंड असणार. जागा बाद करावी लागेल,” साहेब कुरकुरले.

मदतीला त्यांनी हरिश्चंद्र तांडेलाला, एकेकाळी गलबत हाकणाऱ्याला, ठेवले होते, आणि गावाला हसायला तेवढे पुरे होते. ज्याने कौलांनी भरलेले गलबत खडकावर चढवले, तो म्हणे साहेबाची सुई सांभाळणार! गलबत गेले तेव्हापासून त्याच्या मालक शेठने त्याला पुन्हा होक्यापाशी, म्हणजे होकायंत्रापाशी, उभे केले नव्हते. घरी जाळी विणता विणता तो एकच गोष्ट घोकायचा: मी होक्याप्रमाणेच चाललो होतो. हे गावाने एकदा तरी मान्य करावे, एवढेच त्याला हवे होते.

यंत्राच्या तीन पायांच्या तिकाटण्याखालचे गवत साफ करताना त्याच्या हाताला काहीतरी टणक लागले. घोड्याचा नाल, लाल दोऱ्यात बिब्बा ओवून बांधलेला. गाठ त्याच्या बायकोची, येसूबाईची. नाल त्याच्याच घराच्या दारावरचा.

तो नाल धोतराच्या सोग्यात गुंडाळून त्याने लांब काजूखाली नेऊन ठेवला.

“आली! जागेवर आली!” साहेब अनवाणीच नाचले. “काय केलंत हो, तांडेल?”

“काय नाय ओ साहेब, जरा केर काढला.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “गलबतावर होक्याखाली लोखंड आलं तर?”

“तर होका धडधडीत खोटं सांगेल. आणि तुम्ही बिचारे खरं मानून जाल.”

संध्याकाळी तो नाल घेऊन घरी आला. येसूबाई पडवीतच उभी होती.

“आणलात काय? सकाळी भाकरी द्यायला आले तवा ठेवला. एवढा महागाचा डबा उघड्यावर मांडलान, दृष्ट नाय लागायची?”

“आणि गलबतावरच्या माझ्या होक्याला?”

ती लाजली. “ह्याच घोड्याचा दुसरा नाल होता, तो दडवलेला होक्याखाली. तुमी हसाल म्हणून बोलले नाय. गलबत गेलं, पण समदी जिवंत आलीत ना? तो त्याचा गुण!”

हरिश्चंद्राला आधी सणसणीत राग आला. मग तिचा तो विजयी चेहरा पाहून असे हसू फुटले, की डोळ्यांतून पाणी आले. हात चुकला नव्हता! आपला हात चुकला नव्हता, हे आता त्याला कळले होते.

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून काशीरामने हाक मारली. गलबत गेले त्या फेरीला तो त्यावर खलाशी होता. “काय तांडेलानू, साहेबाने काय शोधलान? त्या दिवशी होका चुकला का तांडेल?”

उत्तर हरिश्चंद्राच्या हातातच होते. येसूबाई कौतुकाने त्याच्याकडे पाहत होती.

“होक्यावर कशाला ढकलू रे? तांडेल चुकला.”

काशीराम खो खो हसत गेला. गावभर सांगायला त्याला चांगलेच निमित्त मिळाले होते.

हरिश्चंद्राने हातोडी घेतली आणि नाल दाराच्या चौकटीवर धरला.

“जरा उजवीकडे,” खालून येसूबाई म्हणाली.

त्याने उजवीकडे सरकवला.