थोरलीच्या चुका

लहान मुलांच्या बाकावर आई अंग चोरून बसली. लाँड्रीतून ती थेट शाळेत आली होती. अंगाला अजून इस्त्रीची ऊब होती.

"थोरलीचं काही झालं का, बाई?"

"थोरलीचं उत्तम चाललंय. धाकटीबद्दल बोलायचंय. वाचताना अडखळायला लागलीय."

थोरली आळशी नाही, तिला डिस्लेक्सिया आहे, हे गेल्या वर्षी याच बाईंनी ओळखलं होतं. तोवर घरात पुस्तक उघडलं की रडारड ठरलेली. आता परीक्षेत बाई तिला प्रश्न वाचून दाखवत, ती तोंडी उत्तरं देई. पोरीचा चेहरा आत्ता कुठे उजळायला लागला होता.

"म्हणजे हिलाही तेच?" बाकावर नसलेली सुरकुती आई तळव्यानं सपाट करत राहिली.

"मलाही आधी तसंच वाटलं. पण परवा मधल्या सुट्टीत तिनं मैत्रिणींना फळ्यावरची सूचना घडाघडा वाचून दाखवली. वर्गात मात्र 'कमल'चं 'कलम' करते, 'घर'ला 'धर' म्हणते. या चुका तिच्या नाहीत. थोरलीच्या आहेत. घरी काही झालं का?"

झालं होतं. जेवताना मामा थोरलीला म्हणाला होता, "बघ, धाकटी तुझ्या नाकावर टिच्चून पुढे गेली." सगळे हसले. आईसुद्धा. थोरली भरल्या ताटावरून उठून गेली. तेव्हापासून धाकटीनं घरी पुस्तकाला हात लावला नव्हता, आणि आई म्हणत होती, खेळायचं वय आहे.

"तिला रागावू नका," बाई म्हणाल्या. "थोरलीच्या ऐकलेलं पक्कं लक्षात राहतं. तिला घरी रोज कुणीतरी वाचून दाखवायला हवं. कोणी, ते तुम्ही ठरवा."

संध्याकाळी भांडी घासता घासता आई धाकटीला म्हणाली, "ताईला उद्या धड्यावर तोंडी उत्तरं द्यायचीत. माझे हात खरकटे आहेत. तू वाच."

धाकटीनं ताईकडे चोरून पाहिलं. मग बोट ठेवून सुरुवात केली.

"नदीत एक... गरम... राहत होती."

"गरम राहत होती?" थोरली म्हणाली. "मी उद्या बाईंना हेच सांगू?"

"मला नीट येत नाही."

"येतं. आंघोळीला गेलीस की शाम्पूच्या बाटलीवरचं सगळं वाचतेस. बाहेर ऐकू येतं."

धाकटीनं मान खाली घातली. "तुला वाईट वाटेल."

"वाटतं," थोरली म्हणाली. "मामा बोलला तेव्हा वाटलंच. पण तू असं वाचलंस तर मला गोष्टच कळत नाही. त्याचं जास्त वाटतं."

आईनं नळ बंद केला.

धाकटी वाचू लागली. आधी दबकत, मग सरळ. थोरली डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थांब. मगर इथे खोटं बोलतेय. जरा गोड आवाजात वाच." धाकटीनं ते वाक्य पुन्हा, गोड आवाजात वाचलं.

पान संपलं. धाकटी घुटमळली, तिनं आईकडे पाहिलं.

पान थोरलीनं उलटलं.