पारूबाईच्या चंचीतल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुनी चंची आहे. पान, सुपारी, चुना, कात ठेवायची कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच वाटते, तरी सांगते.

कंधारच्या पारूबाईनं जुन्या लुगड्याच्या काठातून मला हातानं शिवलं. ती रोजानं खुरपायला जायची तेव्हा मी तिच्या कमरेला असे. बाया माझं कौतुक करत. पुढे तिला मनाचा आजार झाला. झोप उडाली, ती स्वतःशीच बोलू लागली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती सावरली आणि माझ्या एका कप्प्यात गोळ्यांची पाकिटं आली. रोज एक गोळी.

मागच्या हिवाळ्यात ती आठ-दहा दिवस लग्नाला निलंग्याला गेली आणि मला घरीच विसरली. परत आल्यावर तिला वाटलं, कामाचे खाडे भरून काढतात तशा चुकलेल्या दिवसांच्या गोळ्याही एकदम घेऊन टाकाव्यात. सकाळच्या चहासोबत तिनं त्या सगळ्या घेतल्या.

थोड्या वेळानं तिचा मुलगा नागसेन यानं सुपारीसाठी माझ्यात हात घातला. हाती रिकामी पाकिटं आली.

“माय, गोळ्या कुठं हायत?”

“खाल्ल्या की. खाडे भरून टाकले!”

“आगं, ती काय खुरपणी हाय का?”

“मला काय झालंय? धडधाकट हाय मी. लई घाबरट हायेस, बापावर गेलास.”

नागसेननं ऐकलं नाही. पाकिटं माझ्यात कोंबून तिला जीपनं नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथंही ती हसली, “साहेब, औषध ह्याला द्या. मला सोडा.”

नागसेनही डगमगला. “बरी दिसायलीय. नेऊ का घरी?”

डॉक्टरांनी पाकीट वाचलं. “नाही. ही गोळी पोटात सावकाश विरघळते. त्रास उशिरा दिसतो. रक्त पुन्हापुन्हा तपासू, तोवर सोडणार नाही.”

दुपारी पारूबाईची जीभ जड झाली, हात थरथरू लागले. सलाईन चालूच होतं. आतड्यांतल्या गोळ्या बाहेर पडाव्यात म्हणून नळीतून औषधाचं पाणी दिलं. छातीला तारा लावून ठोके पाहत राहिले. रक्तातलं औषध उतरलं, तेव्हाच तिला घरी सोडलं.

आता गोळ्या नागसेनच्या कपाटात असतात. रोजची एक तोच देतो. माझ्यात नुसती सुपारी, तीही कधीमधी. थोडं वाईट वाटतं, पण तेच बरं आहे.

मित्रांनो, घरात कुणी चुकून जास्त गोळ्या घेतल्या, तर माणूस बरा दिसतो म्हणून थांबू नका. रिकामं पाकीट घेऊन लगेच दवाखाना गाठा. पारूबाई हसत असतानाच तिथं पोहोचली, म्हणून हसत परत आली.