कासवाच्या वाट्याचं ऊन

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं आपल्याला एकदाही 'सोन्या' म्हटलं नाही, हे बद्रीनाथरावांच्या ध्यानात यायचं तसं काही कारण नव्हतं. चकलांब्यात कुणाचीच बायको नवऱ्याला असलं काही म्हणत नाही. पण केशरबाई एका कासवाला सोन्या म्हणायला लागल्या, तेही टबावर वाकून, लाडाच्या आवाजात, आणि बद्रीनाथरावांच्या पोटात दुखायला लागलं. माणसानं जळावं तरी कुणावर! माजी सरपंच, आणि जळतोय एका टबातल्या जनावरावर.

कासव नातीचं. राजनंदिनी बीडला क्लासला होती. खोलीच्या मालकिणीनं कासव ठेवू दिलं नाही, तेव्हा एसटीत मांडीवर बादली घेऊन ती आली आणि ते आजी-आजोबांकडे सोडून गेली. तळहाताएवढं, डोळ्यामागे लाल पट्टा. बद्रीनाथराव तेव्हा खूशच झाले होते. लोक बरकतीसाठी पितळेचं कासव आणून पाण्याच्या ताटलीत ठेवतात, इथं तर जिवंत कासव आपल्या पायानं घरी आलेलं. त्यांनी ते देवघरात ताम्हणात ठेवलं, बोटभर पाणी घातलं, पाठीवर हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. पुढच्या निवडणुकीचं काय मागितलं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

कासवानं मान आत घेतली ती बाहेर काढेना. पालकाच्या पानाकडे ढुंकून बघेना. शेवटी केशरबाईंनी नातीला फोन लावला.

"आजी, आबांना सांग, तो देव नाहीये," राजनंदिनी पलीकडून कळवळली. "त्याला पोहायला पाणी लागतं आणि वर येऊन अंग वाळवायला कोरडी जागा. ऊन थेट पाहिजे, खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही. ऊन मिळालं नाही तर त्याची पाठ मऊ पडते."

झालं. त्या दिवसापासून कासव केशरबाईंचं झालं. त्यांनी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. गच्चीवर मोठा टब नेला, आत दोन विटा रचल्या, त्यावर चढायला शहाबादी फरशीचा तुकडा तिरका टेकवला. ऊन जास्त झालं तर सावलीला जाता यावं म्हणून अर्ध्या टबावर पोतं टाकलं. सकाळी सडा झाला की बाई वर. भाजीतली कोवळी पानं सोन्याला, देठं घरधन्याला. बद्रीनाथराव ताटातलं देठ चावत बसायचे आणि वरून आवाज यायचा, "आला का माझा राजा? बघ की इकडं."

राजा! बद्रीनाथरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातून वेळ वाईट. सरपंचकी गेल्यापासून बैठकीत चिटपाखरू फिरकत नव्हतं. पूर्वी सकाळी ओट्यावर पंधरा-वीस माणसं ऊन खात बसायची, आत चहाचं पातेलं उतरायला फुरसत नसायची. आता ओटा होता, थंडीतलं कोवळं ऊन होतं आणि बद्रीनाथराव एकटे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं, की आता केशरनं बाहेर येऊन आपल्याशेजारी बसावं, चार शब्द बोलावेत. त्यासाठी त्यांनी दुसरी खुर्चीसुद्धा मांडून ठेवली होती. पण तोंडानं सांगायचं म्हणजे कसं! एकदा धीर करून म्हणाले होते, "अगं, तुझा चहाबी हितंच आण की."

"सोन्याचं ऊन जाईल," म्हणून बाई जिना चढून गेल्या. दुसऱ्या खुर्चीवर मांजर येऊन झोपलं.

मग एक दिवस केशरबाई गल्लीतल्या बायकांबरोबर जीपमधून कपिलधारला दर्शनाला निघाल्या. जाताना बजावलं, "त्येला उन्हात ठिवा. वर येऊन बसलं की पाठ वाळंस्तोवर हात लावू नका."

"मला शिकवू नको. गाव चालवलंय मी."

जीप वळली तसे ते वर गेले. मनात ठरवलंच होतं, की आज या कासवाला ऊन खायला लावायचं आणि संध्याकाळी सहज सांगायचं, आमच्यासमोर तर लगेच आलं बुवा. त्यांनी करकर आवाज करत खुर्ची टबापाशी ओढली, बसले, खाकरले.

"ये बे वर."

विटेवर नुकतेच दोन पाय टेकलेलं कासव डुबकन पाण्यात गेलं.

त्यांनी वाट पाहिली. म्हणजे त्यांच्या हिशेबानं वाट पाहिली; तेवढ्यात दोन फोन केले, एकदा उठून रस्त्यावरच्या तानाजीला वरूनच हाक मारली, तंबाखू मळून हात झटकले. कासव पोत्याखाली जाऊन बसलं. मग त्यांनी हात घालून ते उचललं आणि विटेवर ठेवलं. ते गेलं पाण्यात. पुन्हा ठेवलं, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा त्यानं पंजानं मनगटावर ओरखडा काढला.

"माजलाय लई," बद्रीनाथराव गुरगुरले. "तिच्याकडं कसा येतो मग? कावून माझ्याकडंच येत न्हाई?"

राग इतका चढला, की त्यांनी दोन्ही विटा आणि फरशी बाहेर काढून भिंतीकडेला टाकली. बस म्हणावं पाण्यातच. खाली येऊन त्यांनी थंडी असतानाही पंख्याचं बटण दाबलं, इतकं डोकं फिरलं होतं.

केशरबाई परतल्या त्या प्रसादाचा पुडाही हातातून न ठेवता वर गेल्या. बद्रीनाथराव खाली कान लावून बसले. आता वादळ येणार. येऊ दे. ओरडली तर ओरडू दे, आपल्याशी बोलेल तरी. वरून विटा टबात ठेवल्याचा आवाज आला. बाई खाली आल्या, हातावर प्रसाद ठेवला आणि स्वयंपाकाला लागल्या. ही बाई भांडणसुद्धा आपल्या वाट्याला येऊ देत नाही, याचा त्यांना फारच राग आला.

सकाळी त्यांच्यानं राहवलं नाही. चपला खालीच काढून ते जिना चढले आणि वरच्या पायरीवर थबकले.

केशरबाई टबापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय पोटाशी, पदर डोक्यावरून घट्ट, हात पदराआड. श्वास चालू आहे की नाही कळू नये, इतक्या निश्चल. भिंतीचाच एखादा भाग वाटाव्यात. बऱ्याच वेळानं पाण्यातून एक नाक वर आलं. मग मान, मग फरशीवर एक पंजा. कासव विटेवर चढलं आणि इकडेतिकडे बघून मागचे दोन्ही पाय लांब ताणून उन्हात पसरलं. लाजलज्जा नसल्यासारखं, अगदी आपलं घर असल्यासारखं.

बद्रीनाथरावांना त्याचा हेवा वाटला.

"केशर," ते कुजबुजले. "तुला कसं गं जमतं हे?"

बाईंनी मान वळवली नाही. आवाजही चढवला नाही.

"बसलेलं कुणाला दिसू न्हाई असं बसायचं. मला सवय हाय. तुमची बैठक भरायची तवा मी सैपाकघराच्या दारात अशीच बसायची. वाटायचं, मानसं गेल्यावर तुमी हाक माराल. मानसं जायाची. तुमीबी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत जायाचात आन् तिकडनंच गाडीत बसायचात."

बद्रीनाथरावांना पुष्कळ बोलायचं होतं. कामं होती, गाव होतं, माणसं तोडून चालत नव्हतं. भाषणाला लागतं तेवढं सगळं तोंडाशी आलं. पण विटेवर ते कासव डोळे मिटून पडलेलं होतं आणि जरा आवाज झाला असता तर पाण्यात गेलं असतं.

ते गुपचूप वरच्या पायरीवर बसले. तिथं सावली होती, फरशी गार होती. ऊन दोन हातांवर होतं, केशरबाईंच्या पायांपाशी. बद्रीनाथरावांनी पाय पोटाशी घेतले, हात काखेत दाबले आणि ती 'या' म्हणेल म्हणून तिच्याकडे बघत राहिले. कासवाची पाठ वाळली. केशरबाई काही म्हणाल्या नाहीत. बद्रीनाथराव बसून राहिले.